फळीवरची रांग

आधी चपला काढा. आपल्याला ज्या फळीवर चढायचं आहे तिच्यावर चप्पल टिकत नाही, सटकते, आणि खाली मांडवीचं पाणी आहे. फोन इथल्याच एखाद्या दुकानात ठेवायला द्या. घड्याळही उतरवा. आपण जातोय तिथे कामाची वेळ भरती-ओहोटी ठरवते. घरातून जुना पंचा आणला असेल तर तेवढा मात्र हातात राहू द्या, तो लागणार आहे.

यंत्रमानव गोदामात शिरले की हमालाचं काय होणार, असं तुम्ही विचारत होता. भविष्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला मागे नेतो. ओझं उचलणाऱ्या माणसाच्या जागी यंत्र येणं ही गोव्यातल्या आपल्या डिचोली तालुक्याला नवी गोष्ट नाही. ती इथे एकदा घडून गेली आहे, आणि ती नुसती ऐकून कळत नाही. मानेवर घ्यावी लागते.

कारापूर तिस्कावर उभे राहा. डिचोलीचा रस्ता पाठीशी, साखळी समोर. पाठीला पार्सलांची भलीमोठी पिशवी लावलेला पोरगा दुचाकी थांबवून पत्ता विचारतोय, बसचा कंडक्टर साखळीच्या नावाने ओरडतोय. डोळे मिटा. आधी दुचाक्यांचे आवाज जातील, मग बसचा, मग विजेच्या तारांची गुणगुण. पायाखालचं डांबर सैल पडेल आणि बोटांच्या बेचक्यांत तांबडी माती शिरेल. गार लागली ना? पहाट आहे. उघडा डोळे.

1950 उलटून तीन-चार वर्षं झाली आहेत आणि चैत्र चालू आहे. यापेक्षा जास्त तारीख-वार आपल्याला नको. नाकाने वेळ ओळखा. गळून पडलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस गोड वास, रात्रीच्या चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, आणि या सगळ्यांखाली मातीचा एक कोरडा, तुरट वास. तो शेवटचा वास लक्षात ठेवा. दिवसभर तोच घशात राहणार आहे.

रस्त्याच्या कडेने उजेडाचे ठिपके हलताहेत. माडाच्या चुडतांची चूड पेटवून बायका निघाल्या आहेत. पुढची चूड झटकते, ठिणग्या उडतात, मागच्या पायवाट बघून घेतात. कासोटा मारलेली लुगडी पोटरीच्या वर खोचलेली, कमरेला कोयती, काखेत रिकाम्या पाट्या. पुरुष वेगळ्या घोळक्याने चाललेत, खांद्यावर पिकाव आणि फावडी. तुम्ही बायकांच्या रांगेत शिरा. लाजू नका, कोणी विचारणार नाही. बंदरावर दोन हात जास्त झाले म्हणून आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

वाट लांब आहे. कुळागरं लागतात, पोफळींखाली अजून रात्रच आहे. शेताच्या बांधावरून जाताना पाय ओला होतो. कोणीतरी तांदळाच्या भावाबद्दल बोलतंय, कोणी लेकीच्या सोयरिकीबद्दल. तुमच्यापुढे चालणारी पन्नाशीची बाई सगळ्यांची काकी आहे. तिची मान बघा, उन्हाने काळवंडलेली, मागून दोरखंडासारखी दोन शिरांची. ती मागे न वळता तुम्हाला विचारते, "पुता, नवा मरे तू? पंचा आणलाय ना?"

आणलाय.

उजाडतं तसा डोंगर दिसतो. त्याच्या अंगावर एक मोठी ओली तांबडी जखम आहे, आणि तिच्या तोंडापासून खालपर्यंत बैलगाड्यांची चाकोरी. वर पिकावाचे घाव ऐकू येताहेत, एकामागून एक, ताल नसलेले. पहारीने खडक उचकटायचा, घणाने फोडायचा, हाताने निवडायचा. जड, काळसर-तांबडी ढेकळं एका बाजूला, हलकी माती दुसऱ्या बाजूला. जपानच्या पोलाद गिरण्यांना ढेकळं हवी आहेत. इतक्या दूरच्या भट्टीत जाणारा दगड इथे एक म्हातारा तळहातावर तोलून बघतो आणि न बोलता उजवीकडे टाकतो. चुकत नाही.

आणि ही मांडवी. भरती लागली आहे, पाणी काठाच्या खेकड्यांच्या बिळांपर्यंत आलंय. काठावर खनिजाचा ढीग, घराएवढा. त्याच्या पुढे पाण्यात पडाव उभा. लाकडी, पोट सुटलेला, तेलाने आणि डांबराने काळा झालेला. ढिगापासून पडावापर्यंत दोन फळ्या टाकल्यात. एक चढायची, एक उतरायची. तुमच्या आजच्या दिवसाचं सगळं जग या दोन फळ्यांमध्ये मावणार आहे.

पंचा काढा. काकी दाखवते तसा पिळा, वेटोळं करा, टोक आत खोचा. पाण्यात एकदा बुडवून काढा, म्हणजे बसतो. ही चुंबळ. टाळूवर अगदी मधोमध ठेवा. अर्धं बोट पुढे गेली तर ओझं डोळ्यांवर येतं, मागे गेली तर मान मोडते. काकी दोन बोटांनी ती जागेवर सरकवते, तुमच्या हनुवटीला खालून हलकेच टिचकी मारते आणि म्हणते, "मान हलवू नको. डोळे पुढच्याच्या टाचेवर. फळीकडे बघायचं नाही."

फावडेवाला पाटी भरतो. अर्धीच भरली की थांबतो. तुम्हाला वाटतं, नवख्यावर दया आली. नाही. खनिजाची अर्धी पाटी मातीच्या शिगोशीग पाटीला भारी पडते, हे तुम्हाला आता कळणार आहे. दोघं दोन बाजूंनी पाटी उचलतात, एक हुंकार, आणि ती तुमच्या डोक्यावर.

श्वास घ्या. घेता येत नाही ना? पहिल्यांदा असंच होतं. वजन मानेत शिरत नाही, ते थेट गुडघ्यांत उतरतं. कानांत दडे बसल्यासारखे आवाज लांबून येऊ लागतात. पाटीच्या कामट्यांतून बारीक धूळ गळते, भुवईवर साचते, डोळ्यांच्या कडांना चिकटते. पुसायला हात मोकळा नाही. चला. मागे रांग खोळंबली आहे.

फळी. पहिलं पाऊल टाकलं आणि ती खाली गेली. घाबरू नका, परत वर येईल. ती वर येते त्याच क्षणी दुसरं पाऊल पडलं पाहिजे. फळीवर तुमच्याबरोबर आणखी चौघी आहेत, आणि फळीला एकच झोका आहे, तो पाचही जणांचा मिळून. सगळ्यांची पावलं एका वेळी पडली तर फळी तुम्हाला उचलून वर देते, अर्धं काम तीच करते. एकाचं पाऊल चुकलं की ती उलटा झटका देते आणि तो झटका सगळ्यांच्या मणक्यांत जातो. म्हणून पुढच्याच्या टाचेवर डोळे. काकीची टाच भेगाळलेली, भेगांमध्ये लाल माती बसून रेघा झालेल्या. टाच उचलली, टेकली. उचलली, टेकली. तुम्ही विचार करणं बंद करता आणि पाय आपोआप जुळतात.

पडावाच्या कडेला पोचलात. मान किंचित पुढे, एका हाताने पाटीचा काठ खेचा. खडखडाट. ढेकळं लाकडी पोटात कोसळतात, लाल धूर उठतो, डोकं एकदम इतकं हलकं होतं की तोल जातो. दुसऱ्या फळीने उतरा. उतरताना सगळ्या थोड्या हसतात, बोलतात, पदराने तोंड पुसतात. तेवढाच विसावा.

पडावाच्या तोंडाशी मुकादम बसलाय. भात मोजताना मोजतात तसं मोजतो: पहिल्या पाटीला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. लांबवत, सुरात. विसापर्यंत आला की हातातल्या फळकुटावर कोळशाने एक रेघ ओढतो आणि पुन्हा लाभ. तुमची पाटी रिकामी झाली तेव्हा तो "सात" म्हणाला. नीट बघा त्याच्याकडे. त्याने तुमच्याकडे बघितलं नाही. त्याच्या फळकुटावर रेघा आहेत, नावं नाहीत.

दुसरी खेप. तिसरी. मग मोजू नका, मोजणारा आहे.

ऊन वर येतं. नदीवरून येणारा वारा थांबतो आणि ढीग तापायला लागतो. लोखंडाचा दगड उन्हात तापला की त्याची धग कोळशासारखी तळपायाला कळते. ढिगाजवळची माती ओलांडताना बायका पावलं झटझट उचलतात. घाम येतो तोच लाल येतो. कोणीतरी खाकरून थुंकतं, तेही लाल. लुगड्यांचे हिरवे, जांभळे काठ ओळखू येईनासे झालेत, सगळ्यांचा एकच रंग. वाळत घातलेल्या सुक्या मासळीचा वास कुठूनतरी येतो, पडावाच्या तळात साचलेल्या खाऱ्या पाण्याचा वास येतो, आणि तुमच्या घशात सकाळचा तो तुरट वास आता चव होऊन बसला आहे. फावड्याची खरखर, पाट्यांचा खडखडाट, मुकादमाचं लाभ-दोन-तीन, आणि फळ्यांचं धप, धप, धप.

आता एक गोष्ट अगदी जवळून बघा, हिच्यासाठीच मी तुम्हाला इथवर आणलं.

तुमच्या मागे तिसरी एक तरणी पोर आहे. नुकतीच तापातून उठली आहे. सकाळी वाटेत कोणीतरी तिला घरी राहा म्हणालं होतं, ती हसली होती. तिचं पाऊल जड पडायला लागलंय. फळीला ते तुमच्याआधी कळलं, तुम्हाला तळपायातून कळतंय: झोका किंचित उशिरा येतोय. आता काकीची टाच बघा. ती वळून बघत नाही, काही बोलत नाही. तिची टाच फक्त थोडी जास्त वेळ टेकलेली राहते. तुमचीही तशीच. तुमच्या मागच्या बाईचीही. अख्खी रांग कोणी न सांगता संथ झाली. फळीचा झोका पुन्हा एक झाला आणि त्या झोक्याने पोरीला वर उचलून दिलं.

मुकादम ओरडतो. ओरडणारच, भरती त्याच्यासाठी थांबायची नाही. तांडेलही पडावाच्या टोकावरून पाण्याकडे बघून हात हलवतो. ओहोटी लागण्याच्या आत पडाव सुटला पाहिजे, नाहीतर रेतीत बसेल. काकी मुकादमाला काहीतरी उत्तर देते, सगळ्या हसतात. पण टाच तितकीच सावकाश. फावडेवाल्याने पोरीच्या पाटीत एक फावडं कमी टाकलं, तेही तुम्ही पाहिलंत. मुकादमाने पाहिलं का? बहुधा पाहिलं. लाभ-दोन-तीन त्याने तसंच चालू ठेवलं.

मला हे दृश्य गोड करून सांगायचं नाही. तापातून उठलेल्या पोरीच्या डोक्यावर दगड असणं हीच मुळात वाईट गोष्ट आहे. मोजणीत तिचं नाव नाही, उद्या ती आली नाही तर तिच्या जागी दुसरी येईल, घसरून पडली तर औषधाचा खर्च तिच्या घरचा. पण चालीचा लगाम काकीच्या टाचेत होता. मालक डोंगराचा, मालक पडावाचा, मालक दिवसाच्या मजुरीचाही, पण फळीवरच्या त्या वीस पावलांची गती त्या रांगेची होती. ओझं वाहणाऱ्याकडे एवढीच एक वस्तू स्वतःची होती.

तांडेलाने हात वर केला. बस. पडावाची कड पाण्याला जवळजवळ टेकली आहे. फळ्या ओढल्या, दोर सुटला, दोघांनी लांब बांबू काठाला रेटले आणि ते लाल ओझं नदीच्या मध्यावर गेलं. आता ते पणजीवरून खाली उतरेल, आग्वादच्या मुखातून बाहेर पडून मुरगावला जाईल. तिथे मोठी आगबोट उभी असेल आणि हीच ढेकळं पुन्हा कोणाच्या तरी हातांनी वर चढतील. पावसाळ्यात हे सगळं बंद. नदीचं मुख खवळलं की पडाव काठावर शाकारून ठेवायचे आणि बायकांनी लावणीला जायचं.

काजूच्या सावलीत पेज निघते. मातीच्या मडक्यात सकाळपासून गार झालेली, जाड तांदळाची. वर खारातल्या आंब्याची फोड, आणि कोणी भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा तुमच्या हातावर ठेवते. खा. लाल बोटांनीच खा, धुवायला पाणी थोडं आहे आणि ते प्यायचं आहे. पहिल्या घोटाबरोबर धूळ खाली जाते. एवढी चवदार पेज तुम्ही आजवर प्यायला नव्हता आणि पुन्हा पिणार नाही. फांदीला लुगड्याची झोळी बांधली आहे, तिच्यात एक तान्हं झोपलंय. त्याच्या पापण्यांवरही तांबडी झाक आहे.

दुपारनंतर दुसरा पडाव.

संध्याकाळी परतताना तुम्ही काकीच्या मागे चालत नाही, ओढले जाता. कारापूरला पोचेपर्यंत अंधार पडलाय. वाळवंटी नदीत उतरा. पाणी कमरेपर्यंत येतं, अंगावरून लाल ओघळ सुटतात आणि प्रवाहात लांब जाऊन विरतात. पोटऱ्या थरथरताहेत. विठ्ठलापूरकडून ढोलाचा आवाज येतोय, चैत्राचा उत्सव आहे, रात्री वीरभद्र निघेल. दोन्ही हातांत तलवारी घेऊन तो गर्दीतून धावत येईल, मशालींच्या उजेडात पाठीवरची प्रभावळ हलेल, मुलं किंचाळून आयांना बिलगतील. तुम्हीही जाल. फक्त मान वर करून बघता येणार नाही. दिवसभराचं वजन उतरलं तरी मान ते विसरायला तयार नसते.

थांबा. इथून आता थोडं भराभर पुढे सरकू. वर्षं बोटांवर मोजायची नाहीत, फक्त कान उघडे ठेवा.

बैलगाडीची करकर गेली, टिपरची घरघर आली. डोंगरावर पिकावाच्या जागी यांत्रिक फावडं आलं, एका घासात म्हाताऱ्याच्या आठवडाभराच्या ढेकळांएवढं उचलणारं. निवडणाऱ्या म्हाताऱ्याच्या जागी चाळण्या आणि धुण्याचे कारखाने आले. पडावांच्या जागी लोखंडी बार्ज आल्या. आज ज्या बार्ज आपण मांडवीत बघतो त्या एकेका खेपेला दीड-दोन हजार टन नेतात. पावसाळाही आडवा येईना: आग्वादचं मुख बंद झालं की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव गाठू लागल्या. आणि 1979 मध्ये मुरगाव बंदरात खनिज चढवणारा मोठा यांत्रिक धक्का सुरू झाला. पट्ट्यावरून धावत येणारं खनिज थेट जहाजाच्या पोटात. त्याची ताकद तासाला आठ हजार टनांची सांगत.

आता तुम्ही फळीवर चढून आला आहात म्हणून हा आकडा तुम्हाला सांगण्यात अर्थ आहे. तुमच्या डोक्यावरची पाटी वीस किलोची धरा. तासाला आठ हजार टन म्हणजे चार लाख पाट्या. मुकादमाने एका सेकंदाला एक पाटी मोजायची म्हटलं तरी या एका तासाच्या पाट्या मोजायला त्याला झोप न घेता साडेचार दिवसांहून जास्त लागले असते.

त्या धक्क्यावर उभे राहा क्षणभर. पट्ट्याचा आवाज एकसुरी, जाड. धूळ तीच, वास तोच. माणसं थोडी, हेल्मेट घातलेली, लांब लांब उभी. तुमची मान हलकी आहे आणि ते चांगलं आहे. ती पाटी पुन्हा कोणाच्याही डोक्यावर येऊ नये, असं मी मनापासून म्हणतो. पण काकी कुठे आहे?

टिपरच्या चाकामागे ती नाही. बार्जवर नाही, यांत्रिक फावड्याच्या खोलीत नाही. त्या सगळ्या जागांवर पुरुष आहेत, शिकाऊ म्हणून बसलेले, परवाना काढलेले. डोक्यावरचं ओझं यंत्राने घेतलं तेव्हा ज्यांनी ते वाहिलं होतं त्यांना यंत्राकडे कोणी बोलावलं नाही. बायका काजूच्या बागेत गेल्या, दुसऱ्यांच्या शेतात रोजाने गेल्या, घरी बसल्या. मुकादमाच्या फळकुटावर नावं असती तर निदान कोणी कामावरून गेलं याची नोंद झाली असती. कोळशाच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या की झालं.

नाव लिहिलं जाण्याने काय फरक पडतो तो बघायचा तर मुंबईत डोकावून या. मशीद बंदरच्या बोळांत, मसाल्याच्या आणि लोखंडाच्या बाजारात, डोक्यावर-पाठीवर गोणी वाहणारे बहुतेक घाटावरचे मराठी गडी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाची नोंदणी, मजुरी मंडळातर्फे, रजा, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना. गोण हलकी झाली नाही, पण ती कोणाच्या डोक्यावर आहे हे कागदावर आलं. आपल्या फळीवर ते कधी आलं नाही.

पुढे चला, 2010 च्या आसपास. कारापूरच्या बाजूने जाताना तोंडाला रुमाल बांधा. टिपरमागून टिपर, रस्त्याकाठच्या झाडांची पानं लाल, घरांच्या ओट्यांवर ओली फडकी, शाळेची मुलं रस्ता ओलांडायला ताटकळलेली. एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज गेलं तो हा काळ. घराघरात कोणीतरी कर्ज काढून ट्रक घेतलाय. मग 2012 चा पावसाळा सरता सरता खाणबंदी आली आणि एकाएकी सगळं बंद. ट्रक अंगणात उभे, टायर बसलेले, बोनेटवर कोंबड्या. बार्ज नदीत नांगरलेल्या, पाण्याच्या रेषेवर शेवाळ चढलेलं. ज्याला यंत्राची जागा मिळाली होती त्याचीही यंत्राबरोबर गेली.

अजून एक मुक्काम आहे. हा मागचा नाही, पुढचा. पण अनोळखी वाटणार नाही.

भिवंडीजवळचं एक गोदाम समजा. भिवंडीच्या आसपासची गोदामांची वस्ती देशातल्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे, तुमच्या ओळखीतलं कोणीतरी तिथे असेलच. आत पाऊल टाका. लाल धूळ नाही, घाम नाही, पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा वास आहे. गार आहे. जमिनीवर ओळीने चौकोनी खुणा चिकटवल्या आहेत आणि त्यांच्यावरून गुडघ्यापेक्षाही बुटकी यंत्रं सरकताहेत. एक यंत्र मांडणीच्या खाली शिरतं, थोडं वर उचलतं आणि अख्खी मांडणी पाठीवर घेऊन निघतं. अमेरिकेत ॲमेझॉनने 2012 मध्ये अशी यंत्रं बनवणारी किवा नावाची कंपनीच विकत घेतली, आणि 2025 मध्ये त्यांच्या गोदामांतल्या यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर गेल्याचं त्यांनी जाहीर केलं. आपल्याकडेही गुरुग्राम आणि नोएडाच्या कंपन्या अशी यंत्रं बनवतात.

पूर्वी गोदामातला माणूस दिवसभर चालायचा, मांडणीपासून मांडणीपर्यंत. आता मांडणी चालत त्याच्याकडे येते. तुम्ही ठरलेल्या चौकटीत उभे राहा. मांडणी आली. पडद्यावर खण उजळला. हात घाला, डबी काढा, तिच्यावरचं चिन्ह स्कॅनरसमोर धरा. टुंक. टोपलीत टाका. पुढची मांडणी आधीच मागे येऊन उभी आहे. टुंक. पुढची. मान मोकळी आहे, पाठही ताठ आहे. दुखतात ते मनगट आणि डोळे. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आहे, तासाला किती डब्या, तो तुमच्या हाताबरोबर वर-खाली होतो. मोजणी चोख आहे. आणि इथे तुमचं नाव लिहिलेलं आहे, पडद्यावर, पूर्ण, आडनावासकट. या मोजणीला नाव माहीत आहे.

शेजारच्या चौकटीत एक मुलगी आहे. बांद्याकडची, पहिल्या दिवशी तुम्ही दोघं बोललात तेव्हा कळलं होतं. आज तिचा हात जड पडतोय, डबी दोनदा निसटली. आठवडाभर आजारी होती. तिच्याकडे बघायला वेळ नाही, पण डोळ्याच्या कडेतून तुम्हाला कळतंय. तिचा आकडा पिवळा झाला.

तुमचे पाय आधी हलतात. फळीवरून आलेले पाय आहेत. तुम्ही टाच थोडी जास्त वेळ टेकवता. हात सावकाश करता. पुढची मांडणी आली, तुम्ही एक श्वास घेऊन मग हात घालता.

काहीच होत नाही. म्हणजे तिच्याकडे काही होत नाही. तिच्यापुढे मांडण्या तेवढ्याच वेगाने येताहेत. तुमच्या चौकटीपासून तिच्या चौकटीपर्यंत फळी नाही. तुमचा संथपणा तिच्यापर्यंत पोचायला वाट नाही, तो फक्त तुमच्या आकड्यात उतरला. उलट तुमच्याकडच्या थोड्या मांडण्या यंत्राने तिच्याकडे वळवल्या, कारण रांग तुंबू द्यायची नाही असं त्याला शिकवलं आहे. तिचा आकडा लाल. तुमचा पिवळा.

पर्यवेक्षक येतो. तरुण आहे, वाईट माणूस नाही, तोही कुठल्यातरी पडद्यावरचा आकडाच आहे. "काय झालं? बरं वाटत नाही का?" विचारतो.

आता बोला. तुम्ही फळीवर होता, हा प्रश्न विचारायचा हक्क तुमच्याइतका इथे कोणाला नाही. पडद्याकडे बोट दाखवा आणि विचारा, हा वेग कोणी ठरवला. तो म्हणेल, सिस्टिमने. मग विचारा, सिस्टिमला कोणी सांगितला. तो खांदे उडवेल, वर विचारावं लागेल म्हणेल. ठीक आहे, म्हणा, वर विचारा, आणि ज्या बैठकीत तो ठरतो तिथे या रांगेतल्या दोघी बसू द्या. आजारातून उठलेल्या माणसाची चौकट आठवडाभर संथ ठेवता येईल असं एक बटण त्या यंत्रात बसवायला किती दिवस लागतील तेही विचारा. ज्याने मांडणी चालती केली त्याला हे अवघड नाही. उद्या हात घालायचं कामही यंत्र घेणार असेल तर ते यंत्र चालवायला, दुरुस्त करायला, त्याला शिकवायला या मुलीला आजच बसवणार का, हे तर आधी विचारा.

तो वहीत लिहून घेतोय. लिहू द्या, आणि काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. शेजारची मुलगी हात थांबवून इकडे बघते आहे. पलीकडच्या चौकटीतला मुलगाही थांबला, त्याच्या पलीकडचाही.